शुगर वाढली म्हणून लगेच इन्सुलिन वाढवू नका

नागपुरात एप्रिल लागला की एक तक्रार हमखास ऐकू येते. खाणं तेच, फिरणं तेच, इन्सुलिनही तेवढंच, तरी उपाशीपोटीची शुगर १३० वरून २२० वर जाऊन बसली. घरात कुणीतरी म्हणतं, दोन युनिट वाढवून बघा. दोनाचे चार होतात, चाराचे आठ. मग जूनमध्ये नवी शिशी येते, वाढवलेला डोस तसाच चालू राहतो आणि पहाटे तीनला माणूस घामाने चिंब होऊन उठतो. शुगर ५२. डोस कधी कमी पडतच नव्हता. जुन्या शिशीतलं इन्सुलिन उन्हाळ्याने निकामी केलं होतं.

डोस किती घ्यायचा हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण डोसला हात लावण्याआधी काय तपासायचं, हे घरच्या घरी करता येतं आणि ते एका क्रमाने केलं तर गोंधळ होत नाही. आधी आकडा खरा आहे का ते बघा, मग इन्सुलिन चांगलं आहे का, मग ते अंगात नीट गेलं का, आणि मग वेळ आणि ताट.

आकडा खरा आहे का

संत्र्याच्या हंगामात ही चूक फार होते. संत्रं सोललं, हात नुसता पुसला आणि त्याच बोटाला सुई टोचली. सालीचा आणि फोडीचा रस कातडीवर राहतो, त्यातली साखर रक्ताच्या थेंबात मिसळते आणि खरी शुगर शंभरच्या आसपास असताना मशीन दीडशे-दोनशे दाखवतं. द्राक्षं हाताळली असतील तर आकडा आणखी वर जातो. स्पिरिटचा बोळा फिरवून ही साखर पूर्ण निघत नाही. वाहत्या पाण्याखाली हात धुवायचे आणि कोरडे करायचे, एवढंच खात्रीचं. पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. खोट्या २०० वर घेतलेलं जादाचं इन्सुलिन मात्र खरं असतं, म्हणून यावर एवढा जोर.

चांगल्या ग्लुकोमीटरलाही साधारण १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा असते. खरी शुगर २०० असेल तर मशीनने १७० किंवा २३० दाखवलं तरी ते बिघडलेलं नाही. त्यामुळे काल १६८ आणि आज १८१ म्हणजे शुगर वाढली, असं समजून काळजी करत बसू नका. लागोपाठ तीन दिवस एकाच वेळेचा आकडा वर दिसला तर ती वाढ.

बहुतेक मशीनं ४० अंशांच्या वर चालत नाहीत. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत मशीन एरर देतं ते याचमुळे. थंड खोलीत १५-२० मिनिटं ठेवून मग तपासा. पट्ट्यांना उन्हापेक्षाही दमट हवा जास्त बाधते. कूलरच्या खोलीत डबी उघडी ठेवली की त्या खराब व्हायला सुरुवात होते. एक पट्टी काढली की झाकण लगेच घट्ट लावायचं, आणि पट्ट्या कधीच दुसऱ्या डबीत काढून ठेवायच्या नाहीत.

तीन महिन्यांच्या सरासरीच्या तपासणीबद्दल विदर्भातल्या लोकांनी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, बऱ्याच कुटुंबांत आहे. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसीचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ६.५ बघून सगळे निश्चिंत आणि मशीनवर मात्र रोज २५०, असं होऊ शकतं. नुसता वाहक असलेल्या माणसातही लॅबची पद्धत कोणती आहे यावर आकडा बदलू शकतो. उलट लोह कमी पडून झालेल्या रक्तक्षयात हाच आकडा उगाच जास्त दिसू शकतो. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. अशा वेळी रोजच्या मशीनच्या नोंदी आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी जास्त भरवशाची.

इन्सुलिन चांगलं आहे का

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये. वापरात असलेलं ३० अंशांच्या आत, आणि उघडल्यापासून बहुतेक प्रकारांसाठी ४ आठवडे. काहींची मुदत ६ किंवा ८ आठवडे असते, ती पाकिटातल्या कागदावर छापलेली असते. शिशीवर किंवा इन्सुलिनच्या पेनवर उघडल्याची तारीख लिहून ठेवा. पेनमध्ये बसणाऱ्या ३ मिलीच्या कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. रोज ८ युनिट लागत असतील तर ती ३७ दिवस पुरेल, पण मुदत २८ दिवसांची असेल तर उरलेलं टाकावंच लागतं. जिवावर येतं, पण शेवटच्या दहा दिवसांत शुगर का चढते याचं उत्तर अनेकदा इथेच असतं.

आता अडचण अशी की ‘खोलीच्या तापमानाला ठेवा’ हे पाकिटावरचं वाक्य नागपूरच्या मे महिन्यात लागूच पडत नाही. बाहेर ४५, आत कूलर बंद असताना ३८-४०. अशा दिवसांत वापरातलं पेनसुद्धा फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, आणि घ्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावं लागतं, कारण गार इन्सुलिन टोचताना झोंबतं. मात्र काही पेनच्या कागदावर ‘वापरात असताना फ्रीजमध्ये ठेवू नये’ असं असतं. तुमच्या पेनचं तसं असेल तर थंड खोली किंवा पुढे सांगितलेला माठ वापरा.

फ्रीजमधली जागाही नीट निवडायला हवी. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत या दोन जागांवर इन्सुलिन गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर अगदी पहिल्यासारखं दिसू शकतं, पण ते कामाचं राहत नाही. मधल्या फळीवर झाकणाच्या डब्यात ठेवा. लाईन गेली तर फ्रीज उघडू नका. दार बंद असेल तर साधारण चार तास आतला गारवा टिकतो.

फ्रीज नसेल तर माठ. एका मोठ्या माठात छोटा माठ ठेवायचा, मधल्या जागेत रेती भरायची आणि ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालून ओली ठेवायची. छोट्या माठात इन्सुलिन बंद डबीत, पाणी लागणार नाही असं. वर ओलं फडकं. माठ सावलीत आणि वारा लागेल अशा जागी. पाणी बाहेरून उडून जातं तेव्हाच माठ आतून गार होतो, म्हणून हवा जितकी कोरडी तितका माठ चांगला चालतो. नवतपात तो उत्तम काम देतो, जुलैच्या दमट हवेत फारसा नाही. आत एक साधा डिजिटल थर्मामीटर ठेवा, म्हणजे अंदाजावर राहावं लागणार नाही.

औषधाच्या दुकानातून आणताना इन्सुलिन समोर फ्रीजमधून काढलेलं असावं, काउंटरवर पडलेलं नसावं. घरी नेताना बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा. बर्फ थेट शिशीला चिकटला की ती वाटेतच गोठते. गाडीच्या डिक्कीत, डॅशबोर्डवर किंवा ट्रॅव्हल्सच्या सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं. समृद्धीने मुंबईकडे निघाला असाल तर ते पायाशी, एसीत ठेवा.

बघून काय कळतं? पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ झालं, त्यात तंतू दिसले किंवा रंग पिवळट झाला तर फेका. दुधाळ इन्सुलिन हलवूनही गाठी राहिल्या किंवा काचेला कण चिकटले तर फेका. पण स्वच्छ दिसतंय म्हणजे चांगलं आहे, असं उलट म्हणता येत नाही. उन्हाने ताकद गेलेलं इन्सुलिनही स्वच्छच दिसतं. शंका आली तर डोस वाढवण्याआधी नवी शिशी उघडून दोन दिवस जुनाच डोस घ्या आणि आकडे बघा.

अंगात नीट गेलं का

भारतात दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं. शिशीत बहुधा एका मिलीत ४० युनिट, पेन आणि कार्ट्रिजमध्ये एका मिलीत १००, आणि काही शिश्याही १०० च्या. सिरिंजही दोन: यू-४० ला लाल टोपी, यू-१०० ला केशरी. ही जोडी चुकली की काय होतं ते आकड्यांतच बघा. ४० च्या शिशीतून केशरी टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं तर अंगात ८ युनिट जातात. १०० च्या इन्सुलिनमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं तर ५० जातात. पेन बिघडलं म्हणून घरातल्या जुन्या सिरिंजने कार्ट्रिजमधून इन्सुलिन काढणं धोक्याचं आहे ते यासाठी. शिशीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा प्रत्येक नव्या खरेदीला जुळवून बघा. दुकानदाराने बदलून दिलं असेल तर जास्तच.

दुधाळ इन्सुलिन, म्हणजे झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं ३०/७० सारखं मिश्रण, घेण्याआधी तळहातांत १० वेळा फिरवा आणि १० वेळा वरखाली उलटं करा, जोरात हलवू नका. पांढरा भाग तळाशी बसलेला राहिला तर एका दिवशी झटपट काम करणारं जास्त जातं आणि दुसऱ्या दिवशी सावकाश करणारं. डोस तोच, आकडे रोज वेगळे.

पेनला नवी सुई लावा, २ युनिट हवेत सोडून बघा, टोकावर थेंब दिसला की मग डोस. थेंब नाही तर पुन्हा २. बटण पूर्ण दाबल्यावर १० आकडे मोजा आणि मगच सुई बाहेर काढा, नाहीतर तिच्या टोकातून इन्सुलिन गळत राहतं. सुई पेनवर लावून ठेवू नका. उन्हात इन्सुलिन फुगून बाहेर येतं, गार झाल्यावर आत हवा शिरते, आणि मग डायल २० दाखवतो पण जातात १७-१८. ४ मिमीची सुई सरळ टोचायची, बहुतेकांना चिमूट धरावी लागत नाही. ६ किंवा ८ मिमीची असेल तर चिमूट धरा.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पोटावरच्या गाठी. बेंबीजवळ एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं टोचलं की तिथली चरबी सुजते. आंघोळीच्या वेळी साबण लावलेली बोटं पोटावरून सावकाश फिरवा. रबरासारखा, इतर जागेपेक्षा घट्ट भाग लागला तर ती गाठ. तिथे टोचलेलं दुखत नाही, म्हणून लोक पुन्हा तिथेच टोचतात, पण तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. पोटाचे चार भाग करा, एका आठवड्यात एकच भाग, रोज एक बोट अंतर सोडून, बेंबीपासून दोन बोटं लांब. गाठ सोडून चांगल्या जागेवर आलात की पहिल्या दिवसापासून इन्सुलिन पूर्ण लागू पडतं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते. त्यामुळे जागा बदलण्याआधी डॉक्टरांना फोन करून डोस किती कमी करायचा ते विचारा आणि त्या आठवड्यात जास्त वेळा तपासा.

वेळ आणि ताट

साधं इन्सुलिन आणि साधं ३०/७० जेवणाच्या अर्धा तास आधी. नवी झटपट इन्सुलिनं, म्हणजे अ‍ॅस्पार्ट, लिस्प्रो वगैरे, जेवणाच्या १५ मिनिटं आधी ते अगदी ताटावर बसताना. लग्नात ही शिस्त मोडते. साडेबाराला टोचलं आणि पंगत अडीचला बसली तर मधल्या दोन तासांत शुगर पडणारच. बाहेर जेवायचं असेल तर वाढलेलं ताट समोर दिसल्याशिवाय झटपट इन्सुलिन घेऊ नका.

पिठूळ पदार्थांचा हिशेब ग्रॅममध्ये एकदा घरी करून ठेवा. ३० ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कर्बोदकं. ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत जवळजवळ ५०. भाकरीने शुगर वाढत नाही म्हणणारे दोन पोळ्या सोडून दोन भाकरी खातात, तेव्हा ४० च्या जागी शंभर ग्रॅम पोटात गेलेलं असतं. भाकर चांगलीच, पण एक. शिजलेल्या भाताची मोठी वाटी, दीडशे ग्रॅम, म्हणजे ४० च्या वर. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांची प्लेट ४५ च्या आसपास. त्यावर तर्री घेतली तर चण्यांमुळे थोडं वाढतं, पण तर्रीचा खरा परिणाम तेलाचा. तेल पोट रिकामं व्हायला उशीर लावतं. सावजी जेवणात हे ठळक दिसतं: दोन तासांनी १४० बघून माणूस खूश, आणि पाचव्या तासाला २६०, कारण जेवण उशिरा उतरलं तेव्हा झटपट इन्सुलिनचं काम संपत आलं होतं. सावजी खाल्लं त्या रात्री झोपण्याआधी एकदा नक्की तपासा.

उसाच्या रसाच्या एका ग्लासात ३० ग्रॅमच्या वर साखर असते आणि ती थेट रक्तात जाते. तहान भागवायला ताक किंवा मीठ-जिरं घातलेलं लिंबूपाणी, साखरेशिवाय.

उपवास. ७५ ग्रॅम साबुदाण्याच्या उसळीत ६५ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तीन पोळ्यांपेक्षा जास्त. आणि निर्जळी किंवा एकवेळच्या उपवासात ३०/७० नेहमीइतकं घेणं हा सरळ धोका, कारण त्यातलं सावकाश काम करणारं इन्सुलिन ४ ते १० तासांनी जोरात असतं आणि पोटात काहीच नसतं. नवरात्र धरायचं असेल तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोला. इन्सुलिन पूर्ण बंद मात्र करायचं नाही, टाइप १ मध्ये तर कधीच नाही.

शुगर पडली तर

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हातपाय थरथरणं, घाम, भूक, चिडचिड, डोळ्यांसमोर धूसर. १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यात विरघळवून. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. सावरल्यावर पोळी किंवा दूध. संत्रा बर्फी, पेढा, चॉकलेट देऊ नका. खव्याच्या आणि तुपाच्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोचते, आणि इथे मिनिटं मोजायची असतात.

तुमच्या गोळ्यांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साखर लवकर काम करत नाही, कारण ही औषधं साखर फोडण्याची क्रियाच अडवतात. अशा घरात ग्लुकोज पावडरच हवी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर एकदा वर आलेली शुगर काही तासांनी पुन्हा पडू शकते, म्हणून त्या माणसाला एकटं झोपू देऊ नका. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

उन्हाळ्यात याच ठिकाणी घात होतो. चक्कर, घाम, गोंधळलेलं बोलणं बघून सगळे म्हणतात ऊन लागलं, आणि कांद्याचा रस, पन्हं, ओला टॉवेल सुरू होतं. ते ऊन असेल, लो असेल किंवा ४०० शुगरने अंगातलं पाणी गेलेलं असेल. तिन्हींत माणूस सारखाच दिसतो. मशीन लावल्याशिवाय ठरवू नका. भर उन्हात कातडीचा रक्तप्रवाह वाढतो आणि इन्सुलिन नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं, त्यामुळे दुपारी बाहेर काम करणाऱ्यांना शुगर लो होण्याचा धोका जास्तच. सकाळी अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर चालायला जाणार असाल तर त्या वेळी मांडीवर टोचू नका, पोटावर टोचा. चालणारा स्नायू मांडीतलं इन्सुलिन भराभर ओढून घेतो.

ताप, उलट्या, जुलाब असताना जेवण गेलं नाही म्हणून लांब पल्ल्याचं, म्हणजे दिवसभर सावकाश काम करणारं, इन्सुलिन थांबवू नका. आजारपणात शुगर न खाताही चढते. दर चार तासांनी तपासा, पाणी घोटघोट घेत राहा. टाइप १ मध्ये २५० च्या वर शुगर आणि सोबत उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास असं काही दिसलं तर घरी थांबू नका. मेडिकल, मेयो, एम्स, जे रुग्णालय जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत जा.

आता डोस

वरचं सगळं नीट असूनही आकडे चढेच असतील तर कोणता आकडा कोणत्या इन्सुलिनचा ते ओळखा. उपाशीपोटीचा आकडा रात्रीच्या लांब पल्ल्याच्या किंवा रात्रीच्या मिश्र इन्सुलिनचा. रात्रीच्या जेवणाआधीचा आकडा सकाळच्या मिश्र इन्सुलिनचा. पहिल्या घासापासून दोन तासांनी घेतलेला आकडा त्या जेवणाच्या झटपट इन्सुलिनचा. सकाळी २०० असेल तर रात्रीचं वाढवण्याआधी दोन रात्री पहाटे तीनचा गजर लावून तपासा. तीनला ६५ आणि सातला २०० असेल तर रात्रीचं इन्सुलिन वाढवणं घातक ठरेल. तीनला १३० आणि सातला २०० असेल तर ती पहाटेच्या संप्रेरकांनी चढवलेली शुगर, तिचा उपाय वेगळा. तीनलाही २०० असेल तरच रात्रीचा डोस कमी आहे असं म्हणता येईल. आणि वाढवल्यावर किमान तीन दिवस थांबा, लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा पूर्ण परिणाम त्याआधी दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची वही न्या: वेळ, आकडा, इन्सुलिन किती आणि कुठे टोचलं, ताटात काय होतं, शिशी कधी उघडली. सोबत चालू शिशी किंवा पेन, सिरिंज आणि मशीनही घेऊन जा, आणि टोचून कसं घेता ते एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा.